ममताचं पुसलेलं उत्तर

मित्रांनो, मी धडगावच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेचा जुना सागवानी फळा आहे, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. खांडबाऱ्याच्या रमजान मिस्त्रींनी मला रंधा मारून घडवलं. दरवर्षी मुलं जुन्या सेलमधली काळी पूड पाल्यात वाटून मला फासायची. तपासणीला आलेले साहेबही म्हणायचे, काय झकास फळा आहे. मग पांढरा, गुळगुळीत फळा आला आणि मला सहावीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकवलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते गेल्या महिन्यात.

शहाद्याच्या एका मोठ्या शाळेसाठी चार मुलं निवडायची होती. सहावीतल्या ममताचे वडील करणसिंग वर्गाच्या दिनेश सरांना म्हणाले, "नाव लागलं तर राहू दे पोरगी. नाही लागलं तर ऊसतोडीच्या टोळीसंगे गुजरातला नेतो. धाकट्याला सांभाळायला कोणी नाही."

निवड चाचणीच्या दिवशी पांढऱ्या फळ्याचं पेन सुकलेलं होतं, म्हणून सरांनी माझ्यावर उदाहरण लिहिलं. '१२ मजूर एका शेतातील ऊस ६ दिवसांत तोडतात. तोच ऊस ४ दिवसांत तोडून पूर्ण होण्याकरिता पूर्वीच्या मजुरांव्यतिरिक्त किती मजूर आवश्यक असतील?'

ही काय भाषा झाली? घरी पावरी बोलणाऱ्या पोरांनी हे 'व्यतिरिक्त' कुठल्या बाजारातून आणायचं? बहुतेकांनी वहीत एकूण मजूरच लिहिले, अठरा. ममता बराच वेळ बोटांवर मोजत राहिली. मग माझ्यापाशी आली आणि तिने लिहिलं, तीन.

सर मूळचे शहाद्याकडचे. वैतागले की त्यांची अहिराणी बाहेर येते. "तीन? तुन्हं ध्यान कोठे शे?" असं म्हणून त्यांनी डस्टर फिरवलं. ममता काहीतरी पुटपुटली. ते ऐकायला सर थांबले नाहीत. तिच्या नावाशिवाय यादी गेली, आणि चार दिवसांनी तिला घेऊन टोळीचा ट्रकही गेला.

त्यानंतर स्वयंपाकीण रमिलाबाई वर्गात आल्या. त्यांनी दहा वर्षं ऊस तोडलेला आहे.

"सर, पोरांकडून आज कळलं म्हणून आले. टोळीत बाई एकटी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. तुमच्या गणितात सहा माणसं जास्त लागतात ना? ते तीन कोयतेच झाले."

"मग तिने सांगायचं ना," सर म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं का?"

सर वहीत तेच गणित पुन्हा मांडत बसले. बसू देत! ज्या अवघड शब्दावर जवळजवळ अख्खा वर्ग अडला, तो या पोरीने बरोबर सोडवला होता. उदाहरणात ऊस घालता, मजूर घालता, आणि ऊस तोडणारे माणसं कशी मोजतात ते ठाऊक नाही? आणि कच्ची कोण ठरली, तर ममता. माझ्या अंगावरच तिचं उत्तर पुसलं गेलं, म्हणून माझा जळफळाट होतो.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या मास्तर व्हाल, प्रश्न काढाल. माणसाला कळेल असं लिहा. आणि डस्टर उचलण्याआधी पोराला एवढं विचारा, कसं मोजलंस?

परवा सरांनी तेच उदाहरण माझ्यावर पुन्हा लिहिलं. 'आणखी किती माणसे लागतील? बाया आणि पुरुष वेगवेगळे मोजा.' अक्षर मोठं होतं, वाक्य सोपं होतं. सगळ्या वर्गाला ते पटकन आलं. ममता तेव्हा गुजरातेत, उसाच्या फडाच्या बांधावर, धाकट्याला कडेवर घेऊन उभी असेल.