चार पाइप, चार रंग

अण्णांना जावई पसंत नव्हता. पसंत आहे का असं त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. पण जावयाला अरेतुरे करायची सोय नाही, म्हणून लग्न झाल्यापासून त्याचा सगळा पाणउतारा अहो-जाहो करतच चालला होता.

"जावईबापू, पान्हा असा धरतात. तुम्ही धरलाय तसा चमचा धरतात."

कामावरची माणसं तोंड फिरवून हसायची. जावई पान्हा सरळ धरायचा आणि कामाला लागायचा. त्याचं हे गप्प राहणंही अण्णांना पसंत नव्हतं. उलटून बोलायलासुद्धा अंगात रग लागते, आणि ती या माणसात औषधाला नाही, असं त्यांचं मत होतं. शिवाय तो खिशात घडीचा रुमाल ठेवायचा. वायरमनच्या खिशात घडीचा रुमाल! अण्णांनी उभ्या जन्मात हात पुसले ते पँटला.

त्या दिवशी सकाळी बायकोनं त्यांच्या हातात डबा दिला, पण सोडला नाही.

"रविवारपर्यंत जावयांना त्या कारखान्यातल्या नोकरीचं कळवायचंय. हो म्हणाले तर पोरगी निघाली दुसऱ्या गावाला."

"जाऊ दे की. त्याला कोणी बांधून ठेवलंय?"

"त्यांचं कोण बोलतंय? ती गेली की संध्याकाळी भांडणार कुणाशी? माझ्याशी? मला वेळ नाही." मग तिनं डबा सोडला. "आज तोंडाला कुलूप घाला. तिथं जाऊन एक शब्द वाकडा बोललात, तर तिची बॅग मी भरून देईन."

बायकोनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पोरगी शाळेत जायच्या आधीपासून त्यांची शिडी धरत आली होती. त्यांचा गुडघा गेल्यापासून तीच कामावर जायची, नवऱ्याला घेऊन. आणि संध्याकाळी अण्णांच्या वायरिंगच्या दुकानात येऊन टेबलावर बसून, पाय हलवत, दिवसभराचं सगळं सांगायची. अण्णांचा दिवस खरं तर तेव्हा सुरू व्हायचा.

काम फळांच्या कोल्ड स्टोरेजचं होतं, अण्णांनी आजवर घेतलेलं सगळ्यात मोठं. एवढा लोड एका तारेला पेलत नाही, म्हणून प्रत्येक फेजच्या चार-चार तारा जोडीनं टाकल्या होत्या. चार लाल, चार पिवळ्या, चार निळ्या आणि न्यूट्रलच्या चार काळ्या. मीटरच्या खोलीपासून मुख्य पॅनेलपर्यंत चार लोखंडी पाइप. लाइन आली होती आणि आज सगळी यंत्रं एकदम चालवून बघायची होती.

अण्णा पोचले तेव्हा जावई पॅनेलपाशी उभा होता आणि यंत्रं एकेक करून सुरू होत होती. अण्णांनी पाइप पाहिले. ओळंब्यात होते. क्लॅम्प एका रेषेत होते. नाव ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे ते थोडे खट्टू झाले. पण थोड्या वेळानं पाइप भणभणायला लागले. अण्णांनी सवयीनं तळहात टेकवला आणि झटकन काढला.

पाइप तापला होता.

खोटं कशाला सांगायचं, अण्णांना आनंद झाला. इतका की बायको, डबा, कुलूप सगळं डोक्यातून उडालं. पॅनेलचं झाकण उघडंच होतं. हात पाठीशी बांधून ते आत डोकावले. पहिल्या पाइपातून चारही लाल, दुसऱ्यातून चारही पिवळ्या, तिसऱ्यातून निळ्या, चौथ्यातून काळ्या.

"जावईबापू, जरा इकडं या. हात लावा. पाहुण्यांच्या चहाची सोय केलीत का यावर?"

जावयानं हात लावला, त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं आधी जाऊन मेन बंद केला. एकदम शांत झालं. आता अण्णांचं बोलणं सगळ्यांनाच ऐकू जायला लागलं.

"रंगाला रंग जुळवून स्वेटर विणायला घेतलंत की काय? लोखंडी पाइप असला की चौघी एकत्र लागतात. एक लाल, एक पिवळी, एक निळी, एक काळी. चौघी मिळून एकमेकींचा जोर मारतात आणि पाइप गार राहतो. एकच रंग कोंडलात की लोखंड तापणारच. शेंबड्या पोराला कळतं हे! याला चूक नाही म्हणत, गाढवपणा म्हणतात."

"चुकलं, बाबा. काढून परत टाकतो."

"कोण चुकलं?"

दारात पोरगी उभी होती. थंड खोलीतून आलेली, कानटोपी घातलेली, नाक लाल.

"तू गप," जावई हळूच म्हणाला.

"का गप? तारा मी टाकल्या. हे तेव्हा मागं मोटारी जोडत होते. हे म्हणालेसुद्धा, एकदा बाबांना विचारू. मीच नको म्हटलं. विचारलं असतं तर यांना आठवडाभर ऐकावं लागलं असतं."

अण्णांचा आवाज एका क्षणात लोण्यासारखा झाला. "अगं, असं होय! मग होतं असं. नजरचूक. घरातल्या प्लास्टिकच्या पाइपात कुठं काय तापतं? तुला कळणार कसं? आणि बघ, सगळ्या तारा अगदी सारख्या लांबीच्या कापल्यास. तेच खरं अवघड."

पोरीनं कानटोपी काढली.

"मघाशी गाढवपणा होता, आता नजरचूक झाली? पाइप तोच आहे, बाबा. गार झाला का?"

कोणीतरी खोकलं.

"जे यांना म्हणालात ते मला म्हणा. चहाचं, स्वेटरचं, शेंबड्या पोराचं. सगळं. यांच्यासमोर."

अण्णांनी तोंड उघडलं. घसा खाकरला. पोरीच्या लाल नाकाकडे बघितलं, आणि एक शब्द फुटेना.

"नाही ना जमत?" ती म्हणाली. तिच्या नजरेत आता जे होतं ते अण्णा चांगलं ओळखत होते. जावयाकडे बघताना ते स्वतः असेच बघायचे. "मग रविवारची वाट कशाला बघायची?" तिनं फोन काढला.

"अगं, थांब," जावई म्हणाला.

"तुम्ही थांबा. तुमच्या गप्प बसण्याचाही मला कंटाळा आलाय."

ती बाहेर जाऊन बोलली. फार वेळ लागला नाही. पुढच्या महिन्यात येतो, एवढं मात्र आत ऐकू आलं. मग ती तशीच मीटरच्या खोलीकडे गेली आणि तिकडून तारा सोडवायला लागली.

संध्याकाळपर्यंत सोळाही तारा बाहेर आल्या. आता प्रत्येक पाइपात चार रंगांची एकेक घालायची होती. पोरगी तिकडून ओढणार, इकडून अण्णा आणि जावई सोडणार. अण्णा दुखरा गुडघा लांब करून जमिनीवर बसले. जावयानं चौघींची टोकं पाइपातून सरकवलेल्या, ओढायच्या तारेला बांधली, वर घट्ट टेप गुंडाळली. गाठ चांगली होती. अण्णांनी ती ओढून पाहिली.

"तिकडं कारखान्यात सगळे पाइप लोखंडीच असतील," ते म्हणाले. "अडलं तर विचारा. विचारायला लाजू नका."

"विचारायची लाज नाही वाटत, बाबा," जावई टेप दातांनी तोडत म्हणाला. "ऐकायची वाटते."

पाइपाच्या दुसऱ्या तोंडातून पोरीचा आवाज घुमत आला, "ओढू का?" जावयानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चारही तारा दोन्ही हातांत सारख्या धरल्या आणि त्याला म्हणाले, "तुम्ही सांगा तिला."