टनभाऊंची वाळू

आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात एका माणसाला नुसतं बसायचा पगार मिळायचा, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तो माणूस म्हणजे टनभाऊ. मी पॉलिशला होतो आणि त्यांचा कोपरा माझ्या टेबलाला लागूनच होता, तेव्हा मी सांगतोय ते समोर बघितलेलं आहे. जे बघितलं नाही ते वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नंतर सांगितलं. आणि थोडंफार जे उरतं, ते तसंच घडलं असणार.

खुर्ची तयार झाली की ती टनभाऊंपुढे यायची. ते आधी तिच्याकडे दयेनं बघायचे. मग बसायचे. मग मागे रेलून तिला मागच्या दोन पायांवर उभी करायचे. एवढ्यावर ती टिकली, तर खुर्चीच्या हातावर थाप मारून ओरडायचे, "बसलीऽऽ!" नाही टिकली, तर आम्ही त्यांना उचलायला धावायचो आणि खुर्ची बंबात जायची.

वजन किती होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच सांगतो की ते बसमधून उतरले की बस वीतभर वर यायची आणि मागून उतरणाऱ्या म्हाताऱ्याला उडी मारावी लागायची. तो म्हातारा मीच. कारखान्याच्या फाटकावर त्यांचं खुर्चीत बसलेलं रंगीत चित्र होतं, खाली मोठ्या अक्षरात, 'इथे टनभाऊ बसले. आता तुम्ही बसा.'

असा माणूस एके दिवशी रजेवर गेला. पोटाचं ऑपरेशन आहे, एवढंच म्हणाला.

ऑपरेशन पोट लहान करायचं होतं. गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकायचा आणि वहिनी उठून त्यांना हलवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता नाही केलंत तर पुढे मला भेटायला येऊ शकणार नाही. टनभाऊ घाबरले आणि टेबलावर झोपले. घरी आल्यावर चमचा चमचा सूप, मग अर्धं अंडं, त्यातलंही उरायचं. वजन असं उतरायला लागलं की आरशात बघितलं की आधी मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून.

वहिनी खूश. टनभाऊंच्या मात्र पोटात गोळा. आधीच पोट एवढंसं, त्यात गोळा. ज्याच्या वजनावर घर चालतं त्याचं वजनच गेलं, तर कामावर त्याला कोण ठेवील? त्यात कानावर आलं की त्यांच्या जागी दोघं बसतायत. एक गादीताई, खुर्चीच्या गाद्या भरून शिवणाऱ्या, अंगानं भरलेल्या. दुसरा फूटपट्टी, खुर्च्यांची मापं घेणारा, नावासारखाच. दोघं एकाच खुर्चीत पाठीला पाठ लावून बसायचे, ती या भिंतीकडे तोंड करून, तो त्या. दोघं मिळून बरोबर एक टनभाऊ व्हायचे.

"जाकीट शिवून दे," टनभाऊ वहिनींना म्हणाले. "आतून, कप्प्याकप्प्यांचं. त्यात वाळू भरायची."

"अहो, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलंय."

"उचलायचं नाही म्हणालेत. घालायचं नाही असं कुठे म्हणालेत?"

वहिनींनी जुनी चादर काढली, सुई ओवली आणि मुकाट्यानं शिवायला बसल्या. त्या मुकाट्यानं बसल्या, इथेच खरं तर टनभाऊंना शंका यायला हवी होती.

ते कामावर आले त्या सकाळी आम्ही सगळे बघत राहिलो. गळ्यापासून खाली माणूस तोच. वर मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी बारीक तोंड लावल्यासारखं.

गादीताईंनी कंबरेवर हात ठेवले. "काय हो, ऑपरेशन पोटाचं होतं ना? मग पोट जागच्या जागी आणि गालच कसे गेले?"

"सूज आहे, ताई. पोटाला सूज."

"आणि गालांना?"

"गालांची उतरली."

फूटपट्टीनं टनभाऊंच्या गळ्यापासून कंबरेपर्यंत नजरेनं माप घेतलं आणि गादीताईंकडे बघितलं. गादीताईंनी त्याच्याकडे. हे बघणं टनभाऊंनी बघितलं.

पहिली खुर्ची पुढे आली. टनभाऊ बसले आणि "ओय!" करून उठले. सीटवर हात फिरवला. काही नाही. पुन्हा बसले. पुन्हा ओय. दुसरी आणली, तीही तशीच. इतकी वर्षं हजारो खुर्च्यांवर बसलेला माणूस, एकही कधी चावली नव्हती. आज एकजात सगळ्या टोचत होत्या. दात आवळून त्यांनी "बसली" म्हटलं, पण त्यातली शेवटची आरोळीच निघाली नाही.

चहाच्या वेळी मला बाजूला घेतलं. त्यांच्या पेल्यात चहा दोन घोटांचा, तोही गार करून. "पॉलिशवाले, खरं सांगा. मी नसताना या बाईनं गादीत काय भरलंय?"

"काथ्या आणि कापूस. नेहमीचंच."

"मग टोचतंय कसं?"

"तुम्हाला टोचतंय?" मला हसू आलं. तुम्हाला टोचायचं तर भाला लागेल, असं मी म्हणणार होतो. पण त्यांचे डोळे बघितले आणि चहाचा घोट घेतला.

"मला घालवायचा डाव आहे," ते म्हणाले. "मी ओरडत उठलो की मालकीणबाई म्हणणार, याला आता बसवत नाही. मग जागा त्या दोघांची. दुपारी दोघं कुठे जातात, तुमच्या लक्षात आलंय?"

लक्षात कसं नसेल. सगळे जेवायला बसले की दोघं मागच्या कोठारात. टनभाऊ एकदा ते बाहेर पडल्यावर आत गेले. कोठारात कुणी नव्हतं, पण एका खुर्चीवर हात ठेवला तर ती गरम. म्हणजे सराव चाललाय!

आता दुसऱ्या बाजूचंही ऐका. माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. ओल्या पॉलिशवर बोट फिरवलं की कण लागायचे. वाळूचे. तीस वर्षं माझ्या पॉलिशवर माशी बसायला घाबरायची, आणि आता वाळू? मी फूटपट्टीवर संशय घेतला. फूटपट्टीनं माझ्यावर. मग त्याला जमिनीवर वाळूची बारीक रेघ दिसली, फाटकापासून टनभाऊंच्या कोपऱ्यापर्यंत, मुंग्यांची रांग जावी तशी. त्यानं ती टेपनं मोजलीसुद्धा.

"डॉक्टर पोटात काहीतरी विसरलेत," गादीताई कुजबुजल्या. "ते बसतात तेव्हा आतून खस्स असं वाजतं. मी ऐकलंय."

"आणि रोज थोडे कमी होतायत," फूटपट्टी म्हणाला. "मी नजरेनं मोजतोय. गळतायत."

"माणूस गळतो होय रे?"

"मग काय झिजतो?"

अशी सगळ्यांची सगळ्यांवर नजर. कुणी सुई उचलली तरी दुसरा मान वळवून बघायचा.

शेवटी टनभाऊंनी पुरावा शोधायचं ठरवलं. गादीताई कोठारात गेल्या असताना त्यांचीच कात्री घेऊन एका सीटची शिवण उसवली. आत हात घातला. काथ्या. आणखी खोल. कापूस. पार लाकडापर्यंत गेले. एक टाचणी नाही.

"चोर!" दारातून गादीताई ओरडल्या. मागे फूटपट्टी. "माझी शिवण उसवताय?"

"तुम्ही दोघं रोज कोठारात कशाला जाता, ते आधी सांगा!"

यावर दोघांची तोंडं अशी लाल झाली की मला सगळं कळलं. टनभाऊंना मात्र त्यातही कटच दिसला. आता सांगून टाकतो. महिना दोन महिने पाठीला पाठ लावून बसलं, वर समोर नुसती भिंत असली, की माणसाच्या तोंडून नको ते निघतं. ती एकटी, तो एकटा. टनभाऊ परत आल्यावर त्यांचं बसणं बंद झालं. म्हणून कोठार.

आरडाओरडा ऐकून मालकीणबाई आल्या. फार बोलायच्या नाहीत. चष्मा पुसायच्या, आणि त्या चष्मा पुसायला लागल्या की आम्ही आपापल्या टेबलाकडे सरकायचो.

"उद्या सभागृहवाले येतायत," त्या म्हणाल्या. "पूर्वी आपल्याकडून खुर्च्या नेल्या होत्या, आता पुन्हा हव्यात. टनभाऊ, तुम्ही त्यांच्यासमोर बसा. नीट बसलात तर तुमचं काम तुमचं. नाहीतर हे दोघं आहेतच."

त्या संध्याकाळी टनभाऊंनी घरी जाऊन जाकिटात वाळू दाबून दाबून भरली. वहिनींना म्हणाले, "शिवण पक्की आहे ना गं?" वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातचीच तर आहे."

दुसऱ्या दिवशी सभागृहवाले आले. टापटीप कोट, कपाळावर काळजी. टनभाऊ खुर्चीपुढे उभे राहिले. बसले. सीट टोचली. त्यांनी जीभ दाताखाली धरली, डोळ्यांत पाणी आलं तरी हसले. आता फक्त मागे रेलायचं होतं. ते रेलले, खुर्ची मागच्या पायांवर गेली, आणि पाठीतून आवाज आला, टर्र.

मग वाळू निघाली. आधी एक धार, मग कप्प्यामागून कप्पा. शर्टाखालून, बाह्यांतून, विजारीच्या पायांतून. खुर्चीखाली ढीग वाढत गेला आणि वर टनभाऊ कमी होत गेले. शर्टाची कॉलर त्यांच्या कानांपर्यंत वर आली, म्हणजे तेच खाली गेले. धार थांबली तेव्हा ढिगावरच्या खुर्चीत एक सडपातळ, घाबरलेला गृहस्थ बसला होता, अंगावर तंबू पांघरून.

मी एवढंच म्हणालो, "तरीच माझ्या पॉलिशवर!"

"हे काय आहे?" सभागृहवाल्यांनी विचारलं.

टनभाऊ उठले नाहीत. "पोट लहान करायचं ऑपरेशन होतं, मालकीणबाई," ते म्हणाले. "बारीक झालो. मग मला कोण ठेवणार म्हणून हे घातलं. माझं चुकलं. जातो मी. पण जाता जाता सांगतो. माझं वजन गेलं ते मी घालवलं. या खुर्च्या टोचायला लागल्यात ते मात्र या दोघांचं काम आहे!"

गादीताई पुढे झाल्या. "माझी गादी पहिल्या दिवसापासून तीच आहे! तेवढाच काथ्या, तेवढाच कापूस. टोचायला आधी तुम्हाला हाडं होती कुठे? तुमची गादी तुम्हीच घेऊन फिरत होतात!"

टनभाऊंनी हात मागे नेऊन हळूच चाचपून बघितलं. खरंच. हाडं होती.

"एक मिनिट," सभागृहवाले म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला. "म्हणजे या टोचतात? आमच्याकडे लोक अर्ध्या कार्यक्रमातून उठून मागे जाऊन उभे राहतात. आम्हाला वाटलं वक्ते वाईट आहेत. दोन वर्षं आम्ही वक्ते बदलतोय!"

मालकीणबाईंनी चष्मा पुसला. त्या स्वतः घरून आणलेल्या उशीवर बसायच्या, हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांच्या मात्र लक्षात नव्हतं. टनभाऊंना हातानं उठवून त्या सीटवर बसल्या. थोड्या सरकल्या. पुन्हा सरकल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं या कारखान्यात प्रत्येक खुर्ची अशा माणसानं पास केली होती, ज्याला खुर्ची कधी लागलीच नव्हती. हत्ती बसला तरी मोडणार नाहीत अशा खुर्च्या, आणि बसायला मात्र हत्तीच हवा.

"तुम्ही दोघं," मालकीणबाई गादीताई आणि फूटपट्टीला म्हणाल्या, "खुर्ची टिकते का ते तुम्ही बघायचं. इथेच, सगळ्यांसमोर. कोठारात नाही." दोघांनी एकदमच माना खाली घातल्या. "आणि टनभाऊ, त्यांच्यानंतर तुम्ही बसायचं."

"माझं काय काम राहिलं, बाई?"

"टोचली की ओरडायचं."

"आणि नाही टोचली तर?"

"'बसली' म्हणायचं. तोपर्यंत गादीताईंनी भरत राहायचं."

त्यानंतर गादीताईंनी टनभाऊंना दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण गाद्या मऊ झाल्या, आणि सभागृहवाल्यांनी आपले जुने वक्ते परत बोलावले.

त्या दिवशी घरी जाऊन टनभाऊंनी फाटलेलं जाकीट वहिनींपुढे टाकलं. "तुझी शिवण!"

"कच्चा टाका घातला होता," वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "मुद्दाम. रोज थोडी गळावी म्हणून. टाके पडलेल्या पोटावर मी वाळूचं पोतं बांधू देणार होते होय? भांडले असते तर तुम्ही दुसऱ्या कुणाकडून पक्कं शिवून घेतलं असतंत."

कारखान्यातल्या एकूण एक माणसावर संशय घेऊन झाला होता, आणि कट शिजला होता घरात.

फाटकावरचं चित्र अजून आहे. नवी गिऱ्हाइकं विचारतात, हे जाडे गृहस्थ कोण? टनभाऊ तिथेच उभे असले तर म्हणतात, "माझे मोठे बंधू. हल्ली येत नाहीत." तब्येत उत्तम आहे, गुडघे गप्प आहेत, बस आता वर येत नाही आणि मीही शांतपणे उतरतो. फक्त वहिनींनी शर्टाचं साधं बटण लावून दिलं, तरी ते दिव्याखाली धरून आधी धागा ओढून बघतात.