रोजची झडती

निकेतने दारातच दोन्ही खिसे उलटे केले. आत्मारामांनी पोराच्या बॅगेची चेन उघडली, डबा हुंगला, मग बोटाने त्याची पापणी वर करून डोळे पाहिले.

“ठीक आहे. हातपाय धू.”

आठ महिने हा कार्यक्रम रोज संध्याकाळी चालला होता. निकेतची एमडी पावडरची नशा सुटली ती या झडतीमुळेच, याबद्दल आत्मारामांना तिळभर शंका नव्हती. शंका कसली यायची! दहिसरच्या जकात नाक्यावर तीस वर्षं ट्रक तपासलेला माणूस. स्टेपनीच्या ट्यूबमधून माल बाहेर काढलेला. पोराच्या खिशाची ती काय कथा!

दुसऱ्या दिवशी दुपारी भाईंदर पश्चिमेच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक मृणालिनी मॅडमनी त्यांना एकट्यालाच बोलावलं.

“काका, घरी पोचायची वेळ झाली की निकेतला धडधडतं, घाम फुटतो. तुम्हाला तो सांगत नाही.”

“काही लपवत नसेल तर घाबरायचं कशाला?”

“लपवो, न लपवो. भीती वाटली की शरीरात ताणाचं हार्मोन वाढतं, कॉर्टिसॉल. रोजच्या रोज ते मेंदूत पोचलं की मेंदू त्या पावडरीसाठी जास्तच हळवा होऊ शकतो. ओढ वाढते. आणि घेतलीच, तर पूर्वीचीच चिमूट पूर्वीपेक्षा जोरात चढू शकते.”

“म्हणजे माझ्यामुळे?”

“तुम्ही पाठीशी राहिलात म्हणून तो टिकला, हेही खरंय. पण झडती बंद करा. आजपासून.”

आत्माराम तणतणतच बाहेर पडले. म्हणे हार्मोन! रिक्षात बसल्यावर मात्र त्यांना आठवलं, पापणी उचलताना पोराचं कपाळ रोज ओलं लागायचं. गरमीने असेल, असं ते धरून चालले होते. जानेवारीतसुद्धा.

संध्याकाळी निकेत मोबाइलच्या दुकानातल्या कामावरून आला आणि सवयीने त्याने खिसे उलटे केले.

“राहू दे ते. चहा टाकलाय, ये.”

“बघत नाही?”

“नाही.”

आत्मारामांना हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले.

निकेतने खाली बसून डावा मोजा काढला. आतून बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पुडी निघाली, वरची चिकटपट्टी शाबूत.

“अकरा दिवस झाले, बाबा. उघडली नाही. पण टाकवतही नव्हती.”

आत्मारामांनी तीस वर्षांत ट्रकचं एकही चाक तपासायचं सोडलं नव्हतं; मोजा मात्र आठ महिन्यांत कधी पाहिला नव्हता.

“तुम्हीच टाका,” निकेत म्हणाला.

“दोघं टाकू.”

आणि समोर आलेल्या मालाबद्दल एकही प्रश्न न विचारता त्यांनी बाथरूमचा दिवा लावला.