गावपळणीत अडकलेली मंजुरी

कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत तीच ओळ पुन्हा आली: जुनी आवृत्ती थांबवता येत नाही, एक प्रकरण चालू आहे.

ते प्रकरण मॅन्युएलचं होतं. आचऱ्याचा मच्छीमार, हृदयाची झडप निकामी, गोव्याच्या इस्पितळात दाखल. उद्या सकाळी ऑपरेशन, पण आमच्या आरोग्य निधीची मंजुरी आज पोचली तरच. त्याची बायको सेवरीना मालवणच्या आमच्या ऑफिसात सकाळपासून माझ्यासमोर बसून होती.

आमच्याकडे अर्ज कॉम्प्युटरमधूनच पुढे सरकतो. आधी इस्पितळातले डॉक्टर, मग मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, मग आम्ही. मॅन्युएलचा अर्ज अध्यक्षांपाशी, विठोबाकाकांपाशी, अडकला होता. कारण सोसायटीचा कॉम्प्युटर आचऱ्यात, आणि आचऱ्यात गावपळण. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळे वेशीबाहेर. देवाचा कौल होईपर्यंत आत कोणी पाय ठेवायचा नाही. माझी सासूही माझ्या तान्हीला घेऊन माळावरच्या झोपडीत होती. रात्री थंडी पडते. काल पोरीला खोकला होता.

मुंबईहून निकेतचा फोन आला. प्रोग्राम त्याच्या कंपनीचा.

"दिव्या, जुनी आवृत्ती बंद कर ना. संध्याकाळी साहेबांना नवी दाखवायची आहे."

"एक प्रकरण चालू आहे. अध्यक्ष गावाबाहेर आहेत."

"मग दुसरं कोणी?"

"सगळा गावच बाहेर आहे."

"भुतं आली की काय?" तो हसला. "अगं, आज्ञेच्या शेवटी फोर्स लिही. गुमान थांबेल."

"पण चालू प्रकरण पुसलं जाईल."

"एकच तर आहे. पुन्हा भरा."

"पुन्हा म्हणजे पुन्हा डॉक्टरपासून. माणसाचं उद्या ऑपरेशन आहे, निकेत. थोडा वेळ दे."

"बघतो," म्हणाला.

मी विठोबाकाकांना मोबाईल लावला. मागे कोंबडे ओरडत होते.

"आचऱ्यात पाय ठेवूचो नाय मी," ते म्हणाले, "पण मालवणात येऊक माका कोण आडवता? शेजारच्या नितेशच्या फटफटीवरून येतंय. आणि आयक गो, तुझां चेडू बरां आसा. पेज खाता."

तेवढ्या वेळात मी त्यांचं काम आज्ञा देऊन आमच्या कॉम्प्युटरवर वळवून घेतलं. पडद्यावर मॅन्युएलचं नाव आणि खाली मंजूरचं बटण. काकांनी येऊन दाबायचं, एवढंच उरलं होतं.

"झाला काय गो, बाय?" सेवरीनाने विचारलं.

"काका वाटेवर आहेत."

"येवंदे. मेलो वेशीबाहेर जावन कोंबडी खाता, आणि माझो घोव थंय उपाशी." ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

मी चालू प्रकरणांची यादी ताजी करत राहिले. दर वेळी तीच ओळ, तेच नाव. एकदा यादी रिकामी आली. मला वाटलं लाईन गेली. परत आज्ञा दिली. रिकामी.

मी निकेतला फोन लावला.

"हो, इथूनच फोर्स केलं मी," तो म्हणाला. "साहेब लवकर आले. नवी छान चालतेय, बघ तरी."

फटफटी दारात थांबली. विठोबाकाका धापा टाकत आत आले आणि बोट पुढे करून उभे राहिले. "खंय दाबू, सांग."

पडद्यावर बटणच उरलं नव्हतं. मी गोव्याला डॉक्टरांकडे फोन लावला. ते दुपारीच बेळगावला गेले होते. परत कधी, तिथे कोणाला ठाऊक नव्हतं.

मग सेवरीनाचा मोबाईल वाजला. तिचा मुलगा सनी, इस्पितळातून. तिने ऐकून मोबाईल टेबलावर ठेवला.

"उद्याची जागा दुसऱ्याक दिली," ती मला म्हणाली. "मंजुरी येवंक नाय म्हणान."

मी नवा अर्ज उघडला होता. नाव, वय भरलं. पुढची चौकट डॉक्टरांची, ती भरल्याशिवाय काकांचं बटण येत नव्हतं. काका अजून बोट पुढे धरून उभे होते.

सेवरीना उठली. माझ्या खुर्चीमागे येऊन तिने पडद्याकडे पाहिलं.

"तू दाब, बाय," ती म्हणाली. "कायव दाब."