कालवलेला माल

एकोणीसशे चौसष्ट साली त्या बांधकामाच्या फाटकावर पहिल्यांदा पत्र्याचा फलक लागला. गवंड्याला रोज इतका, बिगाऱ्याला इतका, बाईला बिगाऱ्याइतकाच. काम आठ तासांचं, त्यापुढे थांबवून घेतलं तर दुप्पट दर. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवला. तीस वर्षं घमेली वाहून जिची मान कायमची ताठ झाली होती ती आक्का म्हणाली, "फलक झकास आहे. ऊन लागलं तर खाली बसता येईल."

पण आक्काची थट्टा फुकट गेली. ठेकेदारानं पहिल्याच आठवड्याला फलकावरचा नवा दर दिला, पुरता दिला. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. याच्या मुठीतून पाणी गळत नाही म्हणतात, आणि हा आपणहून मजुरी वाढवतो?

उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. पाचला टोला पडायचा. टोला म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर मुकादम लोखंडी कांब हाणायचा. तो टोला अजूनही बरोबर पाचलाच पडे. फक्त पावणेपाच झाले की मुकादम "चला-चला" करत यायचा आणि वाळू-सिमेंटचा नवा ढीग कालवायला लावायचा. तो प्रत्येक वाक्याआधी "चला-चला" म्हणे, म्हणून त्याचं नावच चला-चला पडलं होतं. पावणेपाचला कालवलेला तेवढा माल संपायला सव्वासहा-साडेसहा वाजत. आणि कालवलेला माल टाकून जायची त्या लोकांत रीत नव्हती. दोनेक तासांत सिमेंट धरू लागतं, सकाळपर्यंत त्याचा धोंडा होतो. भरल्या ताटावरून उठावं तसं ते होतं. मोठे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते तर माल टाकून गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आपल्या बांबूच्या परांचीवर चढूच देत नसत. मुकादमानं कोणालाही थांब म्हटलं नाही. त्याला म्हणावं लागलंच नाही.

या दीड तासाचं सगळ्यात जास्त कोणाला लागलं असेल तर गवंडिणीला.

ती माल वाहायची, पण तिचा नवरा त्याच कामावर गवंडी होता, मामांच्या हाताखाली तयार झालेला, म्हणून तिला सगळे गवंडीण म्हणत. वर्षभरापूर्वी गवंड्याच्या छातीत धूळ बसली. आधी खोकला, मग जिना चढताना धाप, मग इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरची खाट. डॉक्टर तरुण होता, खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. "दोन महिने," तो म्हणाला, "फार तर अडीच."

भेटायची वेळ चार ते सहा. कामावरून इस्पितळ अर्ध्या तासाच्या वाटेवर. पाचला सुटलं तर अर्धा तास हाती लागे. साडेसहाला सुटलं तर इस्पितळाच्या फाटकाला कुलूप. पहारेकऱ्याला तिनं विनवून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा भांडूनही पाहिलं. तो म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी उघडलं तर उद्या रांग लागेल." त्याचंही खरंच होतं.

मग ती समोरच्या फुटपाथवर दिव्याच्या खांबाशी उभी राही. दुसऱ्या मजल्यावर डावीकडून चौथी खिडकी. तो टॉवेल हलवी, ती हात हलवी. त्याचा चेहरा दिसत नसे, नुसता टॉवेल. दहा मिनिटांनी टॉवेल खाली जाई. रविवारी काम बंद असे, तेवढी एक भेट. आठवड्याला एक म्हणजे दोन महिन्यांत आठ. ती बोटांवर मोजायची आणि एका हाताची बोटं संपली की थांबायची.

घरी तिची एक खोली होती, पत्र्याची, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. दिवसभर माणसांत असायची तोवर ठीक. कुलूप काढलं की ती खोली अंगावर येई. दोघांचं अन्न रांधायची सवय जात नव्हती. रोज उरायचं. शेजारीण एकदा म्हणाली, "अगं, भांडं तरी लहान घे." तिनं लहान भांडं आणलं. त्यात एकदा शिजवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मोठंच चुलीवर ठेवलं.

अशात एके दिवशी दुपारी सरकारी तपासनीस आला. उंच, वाकलेला, हातात वही. फलकाप्रमाणे दर आणि तास पाळतात का, हे बघायला आला होता. त्यानं सगळ्यांना फाटकाशी उभं केलं आणि मामांपासून सुरुवात केली.

"काम किती वाजता सुटतं?"

"पाचला," मामा म्हणाले. "टोला पडला की सुटलं."

"रोज?"

"टोला काय, सणासुदीला वेगळा पडतो होय?"

माणसं हसली. तपासनीसही हसला. पुढचा गवंडी म्हणाला, पाच. त्याच्या पुढचा, पाच. आक्का म्हणाली, "पाच, आणि माझ्या मानेला विचाराल तर तीन." गवंडिणीची पाळी आली.

"साडेसहा," ती म्हणाली.

तपासनिसानं वर पाहिलं. "बाई, इतक्या जणांनी पाच सांगितलं. मग हे सगळे खोटं बोलतात म्हणायचं?"

तिनं मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा लालबुंद झाला होता. "साहेब," ते म्हणाले, "चाळीस वर्षं थापी धरलीय या हातानं. खोटं बोलून पोट भरायची वेळ आली नाही अजून." तपासनिसानं वहीत पाच लिहिलं आणि तो गेला.

टोल्यानंतर परांचीखाली तिनं मामांना गाठलं. "मामा, ठेकेदाराला एवढे भ्यायलात?"

"कोण भ्यायलं?"

"मग पाच कसं सांगितलंत? आत्ता साडेपाच झाले. हातात काय आहे तुमच्या?"

मामांनी हातातल्या थापीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना खरंच कळत नव्हतं ही काय विचारते ते. "अगं पोरी, टोल्यानंतर नवा थर धरला का कुणी? नवी दोरी लावली? हे तर कालवलेलं संपवतोय. हे काम होय? जेवल्यावर ताट घासतो, त्याला कोणी जेवण म्हणतं का?"

"पण मामा, वेळ तर जातोच ना!"

"माल वाया घालवायचा मग? तुझ्या नवऱ्याला विचार जा. मी त्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं, ते विचार."

तिला विचारायची गरज नव्हती. गवंडी तिला स्वतःच सांगायचा की कालवलेला माल आणि दिलेला शब्द, दोन्ही त्याच दिवशी मार्गी लागले पाहिजेत. त्याला फाटकाशी उभं केलं असतं तर तोही पाचच म्हणाला असता, तिच्याकडे बघून म्हणाला असता. त्या रात्री तिला झोप आली नाही. ही माणसं भ्याली असती तर धीर देता आला असता. खोटं बोलली असती तर भांडता आलं असतं. पण ती खरं बोलली होती. चला-चला मुकादमानं त्यांची लबाडी नव्हे, इमान हेरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रोज बुडवला आणि तपासनिसाचं कचेरीतलं टेबल शोधून काढलं. बाकावर दोन तास बसली. त्यानं तिला ओळखलं.

"पुन्हा साडेसहाच सांगायला आलात?"

"नाही. तुमचा प्रश्न चुकला, ते सांगायला आले."

त्यानं पेन खाली ठेवलं.

"काम कधी सुटतं विचारू नका," ती म्हणाली. "हत्यारं कधी धुता, ते विचारा. गवंडी मेला तरी थापीला माल ठेवून घरी जायचा नाही. आणि फाटकाशी नको, पाण्याच्या हौदाशी जाऊन विचारा. तिथे ते मोकळं बोलतात."

"हे तुमचेच लोक आहेत ना?"

"माझेच आहेत," ती म्हणाली, आणि बाहेर आल्यावर तिला आपलेच दात आपलेच ओठ म्हणजे काय ते पुरतं कळलं.

तपासनीस चार दिवसांनी आला. हौदाच्या कठड्यावर बसला, पाणी मागून प्याला, मामांच्या थापीचं कौतुक केलं. आरशासारखी आहे म्हणाला. मामा खुलले. "साहेब, हत्याराची निगा हीच गवंड्याची अब्रू."

"रोज धुता?"

"रोज म्हणजे? सणवार नाही, पाहुणारावळा नाही. साडेसहाला या हौदावर बघा, आम्ही सगळे ओळीनं."

"साडेसहाला?"

"सव्वासहा धरा एखाद्या दिवशी. त्याआधी कधीच नाही."

तपासनिसानं वही उघडली. मामा त्या वहीकडे बघत राहिले. मग सावकाश मान वळवून त्यांनी गवंडिणीकडे पाहिलं. ती घमेलं घेऊन परांचीपाशी उभी होती. तिनं मान खाली घातली नाही, पण घालायला हवी होती असं तिला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

हुकूम आला. टोल्यानंतर एक थापी चालली तरी दुप्पट दर. ठेकेदारानं दुप्पट दर देण्यापेक्षा चारनंतर माल कालवणंच बंद केलं. पाचला हत्यारं धुऊन माणसं रस्त्यावर दिसू लागली. कोणी पोरांना घेऊन फिरायला गेलं, कोणी नुसतंच उजेडात घरी जायचं म्हणून रमतगमत गेलं. सगळ्यांना बरंच वाटत होतं. पण मामांना त्यांच्याच तोंडून फसवलं, हे कोणी विसरलं नाही. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एक गवंडी तिला ऐकू जाईल असं म्हणाला. मामांनी तिला हाक मारणंच सोडलं. माल हवा झाला की ते आक्काला हाक मारत. दुपारी डबा उघडताना गवंडिणीच्या शेजारची जागा रिकामी राही. आक्का एकदोनदा येऊन बसली, मग तीही येईनाशी झाली. "मला काय गं," ती जाताना म्हणाली, "पण तिकडे बसलं की चार शब्द कानावर पडतात."

गवंडीण मात्र पाचला निघायची ती जवळजवळ धावतच जायची. पहिल्या दिवशी साडेपाचला ती खाटेपाशी पोचली तेव्हा गवंडी उठून बसला.

"आज सुट्टी?"

"नाही. वेळेवर सुटलं."

"आणि माल?"

"संपला होता."

त्याचं समाधान झालं. "मामा बरोबर अंदाजानं कालवतात," तो म्हणाला. "काय म्हणतात मामा? माझी आठवण काढतात का?"

"रोज काढतात," ती म्हणाली.

आणि मग ती त्यातून सुटली नाही. तो रोज विचारायचा आणि ती रोज सांगायची: मामा आज जिन्याच्या कोपऱ्यात ओळंबा धरून म्हणाले की हे काम त्याच्याच हातचं, मामांनी चला-चलाला असा टोला हाणला, आक्का असं म्हणाली आणि सगळे असे हसले. दिवसभर जिच्याशी कोणी एक शब्द बोलत नव्हतं ती संध्याकाळी अर्धा तास त्या सगळ्यांची बोलणी रचून सांगत होती. घमेली वाहताना ती मनात जुळवाजुळव करी. कधी कधी तिलाच हसू येई, आणि परांचीवरचे लोक म्हणत, हिचं डोकं फिरलं.

एका रविवारी मामा इस्पितळात आले. हातात फळांची पिशवी, डोक्याची टोपी काढून काखेत धरलेली. गवंडी मामांचा हात धरून म्हणाला, "तुम्ही रोज आठवण काढता ते कळतं हो मला. जिन्याच्या कोपऱ्याचं तर हिनं दोनदा सांगितलं."

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"ओळंबा लावला की तूच आठवतोस," ते म्हणाले. "केसभर हलला नाही तो कोपरा."

आणि मग खुर्ची ओढून त्यांनी त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या, आक्काची एक आणि चला-चलाची एक. दोन्ही तिच्या गोष्टींइतक्याच रचलेल्या होत्या, आणि तिच्यापेक्षा चांगल्या. गवंडी हसता हसता खोकला.

जिना दोघं बरोबर उतरले. फाटकाशी मामांनी टोपी घातली आणि ते आपल्या वाटेनं निघून गेले. सोमवारी परांचीवरून त्यांनी आक्कालाच हाक मारली.

डॉक्टरनं सांगितल्यापेक्षा गवंडी दहा दिवस जास्त जगला. वेळेवर सुटायला लागल्यापासून गवंडिणीला बेचाळीस भेटी मिळाल्या.

ठेकेदारानं पुढे दुसऱ्या गावी कामं धरली आणि तिथेही चला-चलाला बरोबर नेलं; मुकादमाला तिकडे निराळं नाव पडलं, असं कानावर आलं. तपासनिसाची दोन वर्षांनी बदली झाली. आक्का मानेच्या दुखण्यानं घरी बसली आणि सुनांच्या भांडणात न्यायाधीश झाली. मामा सत्तरीपर्यंत परांचीवर चढत होते. गवंडिणीशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. गवंड्याला पोचवायला मात्र सगळ्यांच्या पुढे होते. इमारत पुरी झाली, तिच्यात माणसं राहायला आली. गवंडिणीनं नंतर तीन-चार कामं बदलली. पुढल्या कामांवर तिला कोणी ओळखत नव्हतं, गवंडीणही कोणी म्हणत नसे. बिगारी बाई, एवढंच. साठी उलटल्यावर तिच्या धाकट्या बहिणीनं तिला आपल्याकडे बोलावलं. ती गेली, महिनाभर राहिली, आणि परत येऊन आपल्या खोलीचं कुलूप उघडलं. तिथेच ती आणखी अकरा वर्षं राहिली.