हिरालालची ढोलकी

हिरालाल भाद्रपदात गेला, आणि दिवाळी सरते न सरते तोच कामठ्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली. मंडई म्हटली की दंडारीचा नाचगाण्याचा खेळ आलाच, आणि कामठ्याची दंडार म्हणजे हिरालालची ढोलकी. नाचणारे काय, कुणीही असोत! यंदा मात्र त्याच्या धाकट्या भावानं, दंडारीत गाणाऱ्या उमेंद्रनं, परगावचा ढोलकीवाला बोलावला.

हे कानावर आलं तशी हिरालालची मोनाली बापाची ढोलकी गळ्यात अडकवून तडक मैदानात येऊन उभी राहिली. बापानं तिला परसात बसून शिकवलं होतं, पण चारचौघांत कधी वाजवू दिलं नव्हतं. त्याचा राग तिच्या मनात अजून धगधगत होता. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे! ती रोज रागवायची आणि रोज त्याच्यासाठी रडायची.

"पोरी, घरात मयत झाली. वरीसभर सन नसते आपल्याले," उमेंद्र म्हणाला.

"मंग तुम्ही काऊन तोंडाले रंग लावला, काका? तुमचा भाऊ नोहता का तो?"

लोक खदखदून हसले. काका चिडला.

"बाईमानूस ढोलकी वाजवते का कुठं?"

"आज वाजवते. पाहून घ्या."

परगावचा ढोलकीवाला शहाणा निघाला. घरचं भांडण बघून तो गुपचूप भज्यांच्या दुकानाकडे सरकला.

मोनालीनं गणाचा ठेका धरला, तसं उमेंद्रला गाणं भागच पडलं. उमेंद्रला लहानपणापासून दमा, म्हणून हिरालाल प्रत्येक ओळीनंतर ठेका जरा लांबवायचा, भावाला श्वास घ्यायला सवड मिळावी म्हणून. गावाला वाटायचं, कामठ्याची चालच तशी. मोनालीनंही पहिली ओळ होताच ठेका तसाच लांबवला.

उमेंद्र गायचा थांबला. दुसरी ओळ त्याच्या तोंडून फुटेना. भर मैदानात तो ढसाढसा रडू लागला.

"याच्याचसाठी नाही म्हनून राहिलो होतो तुले," तो म्हणाला. "दादाच वाजवून राहिला असं वाटते, पोरी. मले नाही सहन होत."

मोनालीचे डोळे वाहत होते, नाक गळत होतं, पण हात थांबले नाहीत.

"तुमचा दादा मेला, काका!" ती ढोलकीच्या वर आवाज चढवून ओरडली. "हे मी वाजवून राहिली. मी! श्वास घ्या अन् गा."

उमेंद्रनं श्वास घेतला. मोनालीनं ठेका लांबवला होता, त्याला पुरेल तेवढा.