उंचीचा माणूस पाहिजे

लातूरचा जिल्हा झाला त्या साली दोन गोष्टी एकदमच झाल्या. उस्मानाबादेचे हेलपाटे सुटले, आणि पावसानं तोंड फिरवलं. नळाला पाणी आलं तर आलं, न्हाई तर टँकरमागं घागरी घेऊन पळापळ. तरी जिल्ह्याला म्हणून जे जे लागतं ते ते लातूरला पाहिजेच होतं. कचेऱ्या झाल्या, पाट्या लागल्या, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की आपल्याला जिल्ह्याची फुटबॉलची टीम न्हाई.

टीम निवडायचं काम अमृतराव सरांकडं आलं. सर शाळेत खेळ शिकवायचे आणि त्यांची उंचीवर भारी श्रद्धा. "फुटबॉल नावाला पायाचा," ते सांगायचे, "खरा खेळ वर हवेत चालतो. मला उंचीचा माणूस पाहिजे."

वीरण्णा नेमका उलटा. गंजगोलाईच्या बाजारात बापाचं भुसाराचं दुकान, वय चोवीस, उंची चप्पल धरून पाच फुटांच्या जरा वर. लहानपणापासून बॉल त्याच्या पायाला चिकटलेला असायचा. पण उस्मानाबादेच्या निवडीला दोनदा जाऊन तो दोनदा परत आला होता. गेल्या साली लग्न झालं. बायको शिवगंगा नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची, त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं त्याच्या पायाखाली गुपचूप वीट सरकवली, तर शिवगंगाला हसू आवरेना, आणि सगळ्या फोटोत ती हसतानाच आली. वीरण्णाला त्याचा राग नव्हता. पण उंचीचा विषय निघाला की तो दुकानातल्या पोत्यांची शिवण तपासायला लागायचा.

निवडीच्या दिवशी सरांनी पोरांना उंचीनं उभं केलं आणि रांगेच्या शेवटाला येऊन थांबले.

"वीरण्णा कुठं हाय?"

"हितं हाय की सर, तुमच्याम्होरं."

"आरं, मला वाटलं तू बसलायस."

सगळे खदखदून हसले. मग खेळ सुरू झाला आणि हसणाऱ्यांतल्या चौघांच्या पायांतून वीरण्णानं बॉल काढून नेला. सरांनी हनुवटी खाजवली. "पायात लई हाय रे तुझ्या. पण कॉर्नर आला की काय करशील? शिडी लावशील?"

तरी त्याला घ्यावंच लागलं. दुष्काळामुळं खेड्यातली चांगली उंचपुरी पोरं रोजगार हमीच्या कामावर दगड फोडायला गेली होती. सरांना मात्र चैन पडेना. एक दिवस ते एसटीनं मुरुडला गेले आणि येताना गुंडप्पाला घेऊन आले. गुंडप्पा सहा फुटांच्या वर, अंगानं तूरकाठी, स्वभावानं गरीब गाय. मुरुडच्या व्हॉलीबॉल टीमचा तो जीव होता. फुटबॉलला त्यानं आजवर पाय लावला नव्हता.

"पाय लावायला सांगितलंय कुणी?" सर म्हणाले. "तू नुसतं डोकं लाव."

सरावात गुंडप्पा डोकं लावायचा, पण डोळे गच्च मिटून. बॉल कधी कानाला लागायचा, कधी खांद्याला. सराव संपला की तो वीरण्णाशेजारी बसून टेंगूळ चोळायचा. "तुझं बरं हाय वीरण्णा. तुझ्यापत्तर बॉल येतच न्हाई."

पहिली मॅच नांदेडशी, नांदेडला. आणि नांदेडचा बचाव सांभाळणारा गडी होता मन्मथ, शिवगंगाचा सख्खा भाऊ. चांगला धिप्पाड, दारातून वाकून येणारा. शिवगंगा त्या आठवड्यात माहेरी कंधारला होती. आईला, उमाबाईला, सोबत घेऊन ती मॅच बघायला आली आणि मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली बसली.

"या दाजी!" मन्मथनं हात जोडले. "जिल्हा घेऊन आलाव, पाणी आणलं का?"

"पाणी तुमच्या गोदावरीत कुठं हाय?" वीरण्णा म्हणाला. "पुलावरनं बघितली. नुसती वाळू."

मैदान भेगाळलेलं, दगडासारखं टणक. बॉल पडला की माणसाच्या डोक्यावरून उसळायचा. सर खुशीत आले. "बघा, जमीनसुद्धा माझ्या बाजूनं बोलतीय."

त्यांचं खरंही झालं. नांदेडला कॉर्नर मिळाला, मन्मथ पुढं आला. वीरण्णा त्याला अडवायला उभा राहिला आणि जीव खाऊन उडाला. त्याचं डोकं मन्मथच्या खांद्याला लागलं, मन्मथचं डोकं बॉलला लागलं, आणि गोल झाला. लिंबाखालून शिवगंगाचा ओरडा वीरण्णाला स्पष्ट ऐकू आला. भाऊ झाला म्हणून काय झालं, त्याला वाटलं, इतकं ओरडायचं?

मध्यंतरानंतर सरांनी गुंडप्पाला उतरवलं. तो मैदानात पाय टाकतो न टाकतो तोच नांदेडवाल्यांची चुळबुळ सुरू झाली. असला ताड त्यांनी पाहिला नव्हता. लातूरला कॉर्नर मिळाला तसा मन्मथ ओरडला, "त्या लंब्याला धरा!" तिघं जाऊन गुंडप्पाला चिकटले. गुंडप्पानं बॉल येताना पाहिला, डोळे मिटले आणि सरळ खाली बसला. बॉल चौघांच्याही वरून गेला, टणक जमिनीवर आपटला आणि उसळला. मन्मथ धावला, पण बॉल त्याच्या छातीशी आला होता. डोकं लावावं तर खाली, पाय लावावा तर वर. तेवढीच उंची वीरण्णाच्या कपाळाची होती. त्यानं उडीसुद्धा मारली नाही. नुसती मान हलवली. बॉल जाळ्यात.

वीरण्णा क्षणभर तिथंच उभा राहिला. आजवर त्यानं डोक्यानं गोल केला नव्हता. लिंबाकडून पुन्हा तोच ओरडा आला, पहिल्याइतकाच मोठा. त्याचे कान तापले.

"उंचीची किमया!" सर काठावरून नाचत होते. कुणाच्या उंचीची, ते त्यांनी सांगितलं नाही.

मॅच बरोबरीत सुटणार असं वाटत असतानाच घात झाला. नांदेडचा एक उंच बॉल लातूरच्या गोलसमोर आला. मदतीला मागं आलेला गुंडप्पा बरोबर खाली होता. या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. बॉल वर, आपण खाली. जन्माची सवय जागी झाली. तो उडाला, हात मागं नेला आणि असा सणसणीत फटका मारला की बॉल थेट रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत गेला.

"वा! काय मारलंय!" सर टाळी वाजवून बसले आणि मग त्यांचा हात हवेतच राहिला.

शिट्टी वाजली. पेनल्टी. नांदेडनं ती घातली, मॅच संपली, आणि गुंडप्पा मैदानात बसून पोरासारखा रडायला लागला.

वीरण्णा त्याच्याजवळ जाऊन बसला. बसल्यावर दोघांच्या डोक्यांत फार फरक दिसत नव्हता. "ऊठ गड्या," तो म्हणाला. "तू खाली बसलास म्हणून तर मला गोल घावला."

"मी भिऊन बसलो व्हतो रे."

"मला काय करायचंय? बसलास न्हवं?"

गुंडप्पाला हुंदक्यातच हसू फुटलं.

लिंबाखाली उमाबाईंनी भाकरी, शेंगांची चटणी, कांदा असं मांडलं होतं. दोन्ही टीमची पोरं गोल करून बसली. मन्मथनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "दाजी, खरं सांगा, मी वरनं बघत व्हतो, तुमी खालनं. तेवढ्या वेळात तुमी आलाव कुठनं?"

"तू वर बघत व्हतास न्हवं? मी खालनंच आलो."

"तरी सांगतो," सर घास थांबवून म्हणाले, "अजून दोन उंच पोरं असती तर..."

"सर, आधी जेवा," उमाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात चटणी वाढली.

शिवगंगा पाण्याचा तांब्या घेऊन वीरण्णापाशी आली. त्यानं हळूच विचारलं, "तू नेमकी कुणाकडनं व्हतीस?"

"अहो, भावानं गोल केला, ओरडले. तुमी केला, ओरडले. मला काय, दोन्हीबी घरचेच."

"अन् तिसऱ्याला? नांदेड जिंकलं की. तवा का ओरडली न्हाईस?"

"तिसऱ्याला कशी ओरडू?" ती म्हणाली. "त्यो बिचारा रडून राहिला व्हता." आणि पाण्याचा तांब्या आधी गुंडप्पाकडं घेऊन गेली.